सूचना : रविवारची कातळशिल्पांची सहल

सभासदहो, रविवारी सकाळी ६ वाजता नेहमीच्या ठिकाणाहून गाड्या निघतील. उशीर केलात तर थांबणार नाही, कारण तिरप्या उन्हातच जांभ्या दगडात कोरलेल्या रेषा उठून दिसतात. दुपारी बाराला तीच शिल्पं सपाट वाटतात आणि पायही भाजतात!

आधी राजापूर तालुक्यातलं कशेळी. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या पोटात मासे, पक्षी, इतर प्राणी कोरलेले आहेत. हत्तीच्या अंगावर उभे असूनही हत्ती दिसत नाही, असं पहिल्यांदा होतंच. थोडं मागं सरा, मग सोंड सापडेल. मग देवाचे गोठणे. तिथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. ज्यांच्याकडं खरं होकायंत्र असेल त्यांनी आणावं. शिल्पं कोरणाऱ्यांनी नेमकी हीच जागा का निवडली, यावर गाडीत हवा तेवढा वाद घाला.

सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळपठारावर, चपला-बूट काढून चालायचं. गेल्या खेपेला फोटोसाठी कुणीतरी रेषांत खडू भरला होता, तसं पुन्हा नको. ही ठिकाणं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. पाणी भरपूर घ्या, टोपी विसरू नका. सड्यावर सावलीला झाड नाही. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.