काशीकरांचं घड्याळ

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू नाट्य विद्यालयाच्या निवडीसाठी बसवलेलं, तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेचं स्वगत म्हणून दाखवलंस आणि विचारलंस, "बाबा, कसं झालं?" मी "छान" म्हणालो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "छान म्हणताना विंगेतून कुजबुजल्यासारखा आवाज आला तुमचा." बरोबर ओळखलं तिनं. म्हणून हे पत्र. फोनवर मला धड सांगता येत नाही आणि तूही मध्येच "हो, कळलं" म्हणून मोकळी होतेस.

पाठांतर चोख आहे तुझं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. डेपोतले हिशेब आटपून मी १९ वर्षं राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना विंगेत वही धरून बसलोय. पाठांतर कच्चं असणारे मला कधी जड गेले नाहीत. त्यांना एक शब्द टाकला की गाडी पुढे जायची. घाम फोडायचे ते चालीवर पाठ केलेले. समोरच्यानं एखादं वाक्य गाळलं की ह्यांची चाल मोडली. मग शब्द दिला तरी कानात शिरायचा नाही, परत पहिल्यापासून सुरू. एकानं तर एकच प्रवेश तीनदा सुरू केला होता. शेवटी पडद्याच्या दोरीवर बसलेला पोरगा माझ्याकडे बघून हातानंच विचारायला लागला, पाडू काय?

तुझं स्वगत चालीवर आहे गो. आणि चालही तुझी नाही. मधलं ते छोटं हसू आणि त्यानंतरचा खोल श्वास तू कुणाचा तरी ऐकून उचललायस. १९६७ साली 'रंगायन'च्या प्रयोगात सुलभा देशपांडे बेणारे म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हापासून नाटकवेड्या मुली हे स्वगत पाठ करतायत. परीक्षकांच्या कानांचा विचार कर! घेऊच नकोस असं म्हणत नाही. पण घेतलंस तर ते कुठे बोललं जातं ते बघ. नाटकातल्या खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला, म्हणजे बेणारेला, बोलायला दहा सेकंद देतात. दहा! एवढं लांबलचक स्वगत त्या दहा सेकंदांत मावतं, कारण बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेत. बाईला कधी नव्हे ते मनातलं सगळं बोलायला मिळालंय आणि तिथे ऐकणारं कुणी नाही. परवा तू मात्र भरल्या थेटरला ऐकवत होतीस.

मी तुझ्या जागी असतो तर आठवडाभर ते स्वगत म्हटलंच नसतं. वही घेऊन नुसतं लिहिलं असतं, कुठलं वाक्य कुणाच्या तोंडाकडे बघून. वकील झालेल्या सुखात्म्यांकडे बघून म्हणशील तेव्हा दात आवळले जातील. सामंत बिचारा त्यातल्या त्यात माणसासारखा वागलेला, त्याच्याकडे बघितलंस तर तेच वाक्य ओशाळं होईल. हे ठरवून पाठ केलंस की पाठांतर मोडलं तरी तू मोडणार नाहीस.

आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात तर पाठ करायला संहिताच नसते. आजोळच्या जत्रेत तुला मांडीवर घेऊन बसायचो, तू संकासुराला घाबरून माझ्या शर्टात तोंड खुपसायचीस. रंग लावताना आख्यान कुठलं आणि कोण कोण होणार एवढं ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. मी कॉलेजात असतानाची गोष्ट. राजा झालेल्यानं राणीला भलताच काहीतरी प्रश्न टाकला. तिला अडवायचाच डाव होता. राणी झालेल्या बुवानं पदर सावरला, राजाकडे नीट बघितलं, आणि असं उत्तर दिलं की पेटीवाल्याचे हात थांबले. पहाटे दहीकाला झाल्यावर तो देवळामागे तोंडाचा रंग पुसत होता, तेव्हा मी विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाला, "तेणां काय इचारल्यान ता आयकलंय, मगे बोललंय." मी प्रॉम्प्टर झालो त्याला हा माणूस कारण आहे की नाही ठाऊक नाही, पण त्याला कधी माझी गरज पडली नसती एवढं खरं.

परीक्षक तुलाही असंच अडवतील. हेच आता खाली बसून म्हण, हेच मेथी निवडत म्हण, लहान पोराला झोपवताना म्हण. बहावलपूर हाऊसचं, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, बोलावणं आलं तर तिथली कार्यशाळा काही दिवस चालते, तेवढ्या वेळात पाठ केलेलं सगळं उघडं पडतं. म्हणून खोलीतल्या मैत्रिणीला सांग, रोज मला एकदा मध्येच तोड.

मुंबईत आरामनगरला ऑडिशनला गेलीस त्या दिवसाचं अजून मनात धरून बसलीयस, कळतं मला. दोन तास रांगेत उभी राहिलीस, दारातल्या पोरानं वर-खाली बघून "नॉट फिट" म्हटलं आणि पुढची मुलगी आत गेली. तू एक शब्दही बोलली नव्हतीस, मग त्यात अभिनयाचं काय गेलं? त्यांना चेहरा हवा होता, उंची हवी होती, काय हवं होतं त्यांचं त्यांना माहीत. त्या रांगेत हवी तर परत जा, पण ऑडिशनसाठी किंवा 'कार्ड' काढण्यासाठी कुणी पैसे मागितले तर रुपया देऊ नकोस आणि सरळ स्टेशन गाठ. ह्या बाबतीत मी चर्चा करणार नाही.

दुसरं स्वगत हलकंफुलकं घे, हसवणारं. दोन्ही रडकी नकोत. गाणंही तुझ्या पट्टीतलं, आईच्या पट्टीतलं नको.

रविवारी रात्री नऊला फोन कर. मी काशीकर होणार आहे आणि आई सुखात्मे. तिनं परवापासून सराव सुरू केलाय, मला काल विनाकारण उलटतपासणीला बसवलं. भिंतीवरचं घड्याळ काढून समोर ठेवतो. आम्ही तुला मध्येच तोडणार, आधीच सांगून ठेवतो.

शेजारच्या भाऊंच्या मुलाबरोबर कोकमाच्या आगळाची बाटली पाठवलीय. उभीच ठेव, झाकण सैल आहे.

तुझे,
बाबा