मंत्रिमहोदय, यंत्रं पुरे, आता माणूस द्या

माननीय शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी एका छोट्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. हुद्दा तेवढाच. प्रत्यक्षात लॅब, वायफाय, सर्व्हर, बाहेरचे हल्ले अडवणारी फायरवॉल, ऑफिसचा प्रिंटर आणि प्राध्यापकांचे विसरलेले पासवर्ड, सगळं माझ्याच गळ्यात. नेट चालू असलं की मी कुणाला आठवत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अनुदानाच्या अर्जाबद्दल. त्यात लाइनचा स्पीड, वायफाय पसरवणारे ॲक्सेस पॉइंट, संगणक यांच्यासाठी रकाने आहेत. ते सांभाळणाऱ्यासाठी एकही नाही.

परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. सकाळी साडेदहाला पहिल्या मजल्यावरचं नेट बंद. लाइन चालू, फायरवॉल चालू, तळमजल्यावर माझ्या टेबलावर तर नेट पळतंय. लाइन देणाऱ्या कंपनीने फोनवरच हात वर केले. वर जाऊन एका मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला, तर तो आमच्या नेटवर्कचा नव्हताच. म्हणजे मशीनना पत्ते वाटणाऱ्या आमच्या डीएचसीपी सर्व्हरशिवाय दुसरं कुणीतरी पत्ते वाटत होतं. मग सगळ्या केबली जिथे जोडलेल्या असतात त्या स्विचमधून एकेक केबल उपसत बसलो. अडीच तासांनी स्टाफरूमच्या कपाटामागे घरगुती राउटर सापडला. तिथे सिग्नल येत नाही म्हणून कुणीतरी भल्या हेतूने आणलेला, वायर मात्र इंटरनेटच्या पोर्टाऐवजी लॅनच्या पोर्टात खोचलेली, म्हणून तोही पत्ते वाटू लागला. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या यंत्राने वाटलेले पत्ते अडवायची सोय, चालू असतं तर त्याने वाटलेले पत्ते जागच्या जागी अडले असते. आपल्याच अनुदानातून आलेल्या त्या स्विचमध्ये ती सोय होती. ती चालू करायला मला वेळ झाला नव्हता.

यावर आणखी ॲक्सेस पॉइंट हा उपाय नव्हे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारशेजारचे चार पॉइंट एकाच चॅनलवर सोडले तर वेग वाढत नाही, सगळे एकमेकांची बोलायची पाळी संपायची वाट बघत बसतात. पत्त्यांचंही तेच. नेहमीच्या घरगुती पद्धतीच्या मांडणीत २५४ पत्ते मिळतात. प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप धरला, तर सव्वाशे जणांत ते संपले. त्यात विंडोज सर्व्हरवर सेटिंग बदललं नाही तर पत्ता आठ दिवसांसाठी दिला जातो. सोमवारी येऊन गेलेला फोन शुक्रवारीही जागा अडवून असतो. मुदत काही तासांवर आणायला खर्च शून्य आहे. पण हे ठाऊक असलेला आणि त्यासाठी मोकळा असलेला माणूस लागतो. पत्ते संपले की मुलं म्हणतात "स्पीड नाही", आणि कॉलेज मोठी लाइन मागतं.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या लॅबमधली बरीच मशीन ठणठणीत आहेत, पण विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत. अर्जाच्या भाषेत उत्तर एकच: नवी खरेदी. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स छान चालेल. फक्त ते सगळीकडे टाकायचं, शिक्षकांना दाखवायचं आणि पहिले दोन महिने शिव्या खायच्या, हे काम कुणाचं ते ठरवावं लागेल. बॅकअपबद्दल न बोललेलं बरं. तो रोज रात्री होतो. त्यातून एखादी फाइल खरंच परत येते का, हे तपासायला मला वर्षभर सवड मिळालेली नाही. याची मला झोपताना भीती वाटते.

प्रत्येक छोट्या कॉलेजाला पूर्णवेळ नेटवर्क इंजिनिअर द्या, असं मी म्हणत नाही. ते परवडणार नाही, हे मलाही कळतं. जवळच्या चार-पाच कॉलेजांत मिळून एक द्या. पगारी, कायम, कंत्राट संपलं की पासवर्डसकट निघून न जाणारा. आणि अर्जात एक रकाना वाढवा: देखभाल. फायरवॉलचं लायसन्स आणि यूपीएसच्या बॅटऱ्या हा एकदाचा खर्च नाही. लायसन्स संपलं की फायरवॉलची नवी अपडेट्स थांबतात, दिवा मात्र हिरवाच दिसतो, म्हणून तपासणी समितीलाही सगळं ठीक वाटतं.

तो राउटर माझ्या खणात आहे. मालक अजून न्यायला आलेला नाही. स्टाफरूममध्ये सिग्नलही अजून येत नाही.

कळावे,
आपला,
एका छोट्या कॉलेजातला लॅब असिस्टंट