ग्रहणाचा डाग नाही हो तो!

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या नातीच्या गालावर जन्मापासून लालभडक डाग आहे, पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात त्याला, आणि बघेल तो सुनेला विचारतो, ग्रहणात भाजी चिरली होतीस का? अहो, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात, बाकी काही नाही. हजारात साधारण 3 बाळांना असतो.

त्यावर पल्स्ड डाय लेसर करतात, 595 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश, तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि तापून ती बारीक नळीच बंद पडते, वरची कातडी भाजू नये म्हणून आधी थंड फवारा मारतात. पहिल्या सिटिंगनंतर गाल जांभूळ चोळल्यासारखा काळानिळा झाला तेव्हा मीच रडले, पण दहाएक दिवसांत उतरला. सिटिंग बऱ्याच लागतात, डाग फिका होतो पण पूर्ण जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं ते बरं केलं.

राग येतो तो विमा कंपनीचा. क्लेम नामंजूर, कारण काय तर म्हणे 'कॉस्मेटिक'. पोरगी काय लग्नासाठी फेशियल करून घेतेय का? दीड वर्षाची आहे ती!

— एक आजी, सातारा