समान अंतरापेक्षा समांतर पंख महत्त्वाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मुलांसाठी मॉडेल रॉकेटच्या कृती छापल्या जातात, शिबिरे भरतात. पंखांबद्दल, म्हणजे फिनबद्दल, त्यात बहुधा एकच वाक्य असते: ‘तीन पंख समान अंतरावर चिकटवा.’ वाक्य चुकीचे नाही. पण रॉकेट सरळ जाण्यासाठी ज्या गोष्टी लागतात, त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट तेवढी ते सांगते.

पंख बसवताना तीन तऱ्हेने चूक होते. दोन पंखांत १२० अंशांऐवजी ११६ किंवा १२४ अंश पडतात. पंख नळीवर ताठ उभा न राहता एका अंगाला कलतो. किंवा त्याचे बूड, म्हणजे नळीला चिकटणारी कड, नळीच्या अक्षाला समांतर न राहता तिरके चिकटते. पहिल्या दोन चुका चार-पाच अंशांपर्यंत रॉकेट सहज निभावून नेते. तिसरी नाही. पंखाचे बूड ६० मिमी लांब असेल आणि त्याचे एक टोक १ मिमी सरकले, तर पंख जवळजवळ १ अंशाने वळतो. तिन्ही पंख एकाच बाजूला सारखे वळलेले असतील तर रॉकेट स्वतःभोवती फिरते, पण मार्ग सोडत नाही. साउंडिंग रॉकेटला, म्हणजे वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी उडवतात त्या छोट्या रॉकेटला, फिरते ठेवण्यासाठी पंख मुद्दाम असे तिरके बसवतात. एकटाच पंख वळलेला असला की शेपटीवर एकाच बाजूने बल येते, त्यात गिरकीची भर पडते आणि रॉकेट मळसूत्राच्या आट्यांसारखे घुसळत वर जाते. इंजिनाची ताकद त्या घुसळण्यात खर्च होते, उंची मिळत नाही.

म्हणून पहिले हत्यार म्हणजे अर्ध्या इंची ॲल्युमिनियमचा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, साधारण ३०० मिमी लांब. हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो. २५ मिमी व्यासाच्या नळीवर तो छपरासारखा पालथा ठेवला की त्याच्या दोन्ही कडा नळीला टेकतात आणि कडेने ओढलेली रेघ अक्षाला समांतरच येते. यासाठी अँगलची आतली बाजू नळीच्या त्रिज्येपेक्षा, इथे १२.५ मिमीपेक्षा, कमी हवी. एक इंची अँगल घेतला तर नळी आत सामावते, कडा अधांतरी राहतात आणि पेन्सिल भरकटते. नळी बारीक असेल तर ती सपाट टेबलावर पुस्तकाला टेकवून घट्ट धरावी. पेन्सिल लाकडी ठोकळ्यावर आडवी बांधून ठोकळा टेबलावरून सरकवला तरी तितकीच सरळ रेघ येते. नुसती फूटपट्टी नळीच्या गोलाईवर ठेवून रेघ ओढू नये, ती हमखास घसरते.

अंतरासाठी कागदाची पट्टी पुरते. ती नळीभोवती घट्ट गुंडाळून, जिथे एकावर एक येते तिथे टाचणीने टोचावी. २५ मिमी नळीवर ७८.५ मिमी मिळतील, म्हणजे दर २६.२ मिमीवर एक खूण. इथे १ मिमी चुकला की ४.६ अंशांचा फरक पडतो. दोन लिटरच्या बाटलीच्या पाणी-रॉकेटवर, व्यास ११० मिमीच्या आसपास असल्याने, तीच चूक जेमतेम १ अंशाची ठरते.

आता जिग, म्हणजे गोंद वाळेपर्यंत पंख जागेवर धरणारा साचा. पुठ्ठ्याच्या एकाच चकतीत भोक आणि तीन खाचा पाडून अनेक जण काम भागवतात. अशी पातळ चकती पंखाला एकाच जागी धरते. पंख कलू देत नाही, पण वळण्यापासून थोपवत नाही, आणि खरे भय वळण्याचेच आहे. चकत्या दोन हव्यात: ५ मिमी सनबोर्डच्या, दुतर्फी टेपने एकमेकींना चिकटवून एकत्रच कापलेल्या. ६० मिमी बुडाच्या पंखासाठी त्यांच्यात ४० मिमी अंतर ठेवावे. पंखाचे बाल्सा लाकूड २ मिमी जाड असेल तर खाच २.३ मिमी रुंद हवी, आणि लांबी पूर्ण पंख मावेल इतकी, म्हणजे गोंद वाळल्यावर चकत्या शेपटीकडून निघतात. नळीलगत खाच ६ मिमी रुंद करावी, नाहीतर जिगच रॉकेटला चिकटून बसतो. दोन चकत्यांमधले खांब चिकटवण्याआधी आत नळी घालून, तिच्यावरची रेघ दोन्ही खाचांच्या मधोमध येते का ते पाहावे. इथे फरक राहिला तर प्रत्येक रॉकेटचे तिन्ही पंख वळलेलेच निघतील.

पंखांचे बूड पॉलिश पेपरवर, ठोकळ्याच्या आधाराने, तिन्ही एकत्र धरून घासावे. बूड गोलसर राहिले तर चांगला जिगही उपयोगाचा नाही. गोंद पांढराच घ्यावा. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर लावून पाच मिनिटे वाळू द्यावा, मग पुन्हा थोडा लावून पंख बसवावा. झटपट चिकटणारा गोंद दुरुस्तीला वेळच देत नाही. कडेची गोंदाची गोलाई एकदम जाड भरू नये. पांढरा गोंद सुकताना आकसतो आणि पंखाला आपल्याकडे ओढतो. नळी आडवी ठेवून पातळ थर दोन-तीनदा द्यावा.

ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे थ्रीडी प्रिंटर असतो. शोभेच्या वस्तू छापण्याऐवजी वर्गासाठी एक जिग छापला तर पुढच्या सगळ्या तुकड्यांना तो वापरता येईल. छापलेले भोक बहुधा किंचित लहान येते, म्हणून व्यासात ०.३ मिमी सूट ठेवावी.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी रॉकेटची कृती येईल तेव्हा ‘समान अंतरावर’च्या पुढे ‘आणि नळीच्या अक्षाला समांतर’ एवढे शब्द जोडावेत, ही विनंती. चकतीचे चित्र प्रत्यक्ष मापात छापणार असाल तर शेजारी ५० मिमीची एक रेघही द्या. झेरॉक्समध्ये किंवा मोबाइलवरून छापताना माप बदलते. ती रेघ फूटपट्टीने मोजल्याशिवाय मुलांनी कात्री लावू नये.

आपला,
एक वाचक, पुणे