गजाननबुवांचे व्हायोलिन आणि तुझा प्रश्न

डोंबिवली,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला, तरी उत्तराला उशीर झाला याचे कारण आळस नव्हे. तुझा प्रश्न घाईने हातावेगळा करण्यासारखा नव्हता. व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांना तू पहिले काही महिने गायला बसवतोस, त्यावर पालक नाराज होतात, आणि परवा एकाने तर ‘आम्हाला वाद्य शिकवायचे आहे, गाणे नाही’ असे सांगून मुलाला शिकवणीतून काढून नेले. तेव्हापासून आपलेच चुकते आहे की काय, अशी शंका तुला छळते आहे. तू चुकत नाहीस, असे मला मनापासून वाटते, आणि ते का वाटते हे सांगताना मला गायक आणि व्हायोलिनवादक पंडित गजाननबुवा जोशी यांच्याविषयीच लिहावे लागेल.

बुवांचा जन्म 1911 चा. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे आपले अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. ग्वाल्हेर घराण्याची गायकी ज्यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजली त्या बाळकृष्णबुवांची तालीम अशी एका पिढीच्या अंतराने घरातच होती. गजाननबुवा आधी गायला शिकले. व्हायोलिन नंतर आले, आणि आले तेव्हा गळ्यात बसलेली बंदिशच, म्हणजे शब्दांसह बांधलेली रागाची रचनाच, त्यांनी तारेवर उतरवली. हा क्रम लक्षात घे, कारण तुझ्या शंकेचे उत्तर त्यातच आहे.

व्हायोलिनला स्वरांच्या जागा ठरवून देणारे पडदे नाहीत. सतारीवर बोट थोडे इकडेतिकडे पडले तरी पडदा सांभाळून घेतो. इथे सांभाळणारे कोणीच नाही, स्वर आधी कानात असेल तरच तो बोटाखाली सापडतो. आपण खाली मांडी घालून, वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून बसतो तेही डावा हात वाद्याचे वजन पेलण्यातून मोकळा व्हावा म्हणूनच, नाहीतर गळ्यासारखी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघणारच नाही. उजव्या हातातल्या गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, काम तर सरळसरळ श्वासाचे आहे. बंदिशीतला शब्द जिथे उच्चारला जातो तिथे गज उलटावा, आणि त्या अक्षराचा स्वर जितका लांबवायचा तितका वेळ गज न तोडता बोट घसरत न्यावे, एवढे साधले की ऐकणाऱ्याला शब्द नसताना शब्द ऐकू येतो. ज्याने ती बंदिश कधी गायलीच नाही, त्याला गज कुठे उलटावा हे कसे कळणार?

शेजारची अकरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बसते. गेल्या आठवड्यात ती भूप रागातला एक तुकडा वाजवत होती. स्वर सगळे बरोबर होते, पण गंधारावरून रिषभावर, म्हणजे ‘ग’वरून ‘रे’वर, येताना ती दर वेळी मधेच गज बदलत होती आणि ओळीचे दोन तुकडे पडत होते. मी तिला वाद्य खाली ठेवायला सांगितले आणि तीच ओळ तीनचार वेळा गाऊन घेतली. श्वास षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, आल्यानंतरच घ्यायचा हे तिला न सांगताच उमगले. मग तिने व्हायोलिन उचलले, गजाला राळ लावली आणि वाजवले, तर गज आपोआप षड्जापर्यंत सलग गेला. मला त्या क्षणी तुझी फार आठवण झाली.

आता बुवांच्या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. घरची तालीम पूर्ण असताना हा माणूस रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकला. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी हवी म्हणून अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे शिकला. आग्रा घराण्याच्या गायकीसाठी विलायत हुसेन खाँसाहेबांकडे शिकला. ज्या काळात दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकणेसुद्धा काहींना पसंत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे. माझा तर्क असा की, वाद्यानेही त्यांना या शोधाकडे ढकलले असावे. जयपूरचा दमसास, म्हणजे लांब टिकणारा श्वास, आणि तालाच्या आवर्तनभर न तुटणारी तान गजावर फार शोभते. याउलट आग्र्याची बोलबांट, शब्दांशी लयीने केलेला तो खेळ, गजावर आणणे अतिशय कठीण आहे, आणि जे कठीण तेच शिकावे असा त्यांचा पिंड होता. लयीवरची त्यांची हुकमत तर जाणकार आजही सांगतात.

आकाशवाणीवर त्यांनी काम केले, 1972 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण त्यांची खरी कमाई शिष्य हीच होती, असे मी मानतो. श्रीधर पार्सेकरांसारखा व्हायोलिनवादक आणि चिरंजीव मधुकर जोशी त्यांच्या हाताखाली घडले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण गाणारे किती पाहा: उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर. एका व्हायोलिनवादकाच्या शिष्यांत गवयांची अशी रांग दिसावी, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. त्यांच्या लेखी गळा आणि गज ही दोन वेगळी शिक्षणे नव्हतीच. उत्तरायुष्यात ते आमच्या डोंबिवलीत राहत. 1987 मध्ये ते गेले, आणि त्या वेळी मी याच गावात राहत असूनही त्यांच्या दाराशी कधी गेलो नाही, याची खंत मला जन्मभर पुरणार आहे.

म्हणून मित्रा, त्या पालकांच्या बोलण्याने आपला क्रम मोडू नकोस. एखाददुसरा मुलगा जाईल. जे राहतील त्यांच्या गजाला श्वास असेल. मात्र एक सुचवतो. गाऊन घेतलेली ओळ त्याच दिवशी, चुकतमाकत का होईना, तारेवर वाजवू दे. महिनोन्महिने नुसते गायला लावले तर मूल कंटाळते, आणि तिथे पालकांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

अंतुबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला सुरू केलेला संगीतोत्सव कोजागरीनंतर याच दिवसांत असतो. या वर्षी मी जाणार आहे. तू साताऱ्यापर्यंत ये, तिथून एसटीने बरोबर जाऊ. व्हायोलिन घेऊन ये आणि माझ्यासाठी राळेची एक वडी आण. इथली संपत आली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
डोंबिवलीकर