आक्कांना शुक्रवारी सभेला आणायचंय, रिक्षाभाड्याला हातभार लावा

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. सांगलीच्या आपल्या चर्चच्या महिला मंडळातर्फे लिहितेय. मागणं लहानच आहे पण जरा सविस्तर सांगते.

दर शुक्रवारी दुपारी साडेतीनला आपली सभा असते, गाणी, वचन, प्रार्थना आणि मग चहा. आधी तीस-पस्तीस जणी असायच्या, आता पंधरा-सोळा. बायकांचा विश्वास आटला असं काही नाहीये, ज्यांनी हे मंडळ इतकी वर्षं ओढलं त्याच आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेल्यात, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला नीट दिसत नाही, पोरं पुण्याला, आणि एकटीनं रिक्षा करायची म्हणजे जाऊन-येऊन दीडशे रुपये. पेन्शन नसलेल्या बाईला दर आठवड्याला ते कुठून जमणार? बरं त्या बोलूनही दाखवत नाहीत, फोन केला की "आज जरा बरं नाही गं" म्हणतात. मला खरं काय ते घरी गेल्यावर कळलं. एक आक्का इस्त्रीची साडी नेसून, गाण्याचं पुस्तक मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या होत्या, शुक्रवारचे साडेतीन वाजले होते. म्हणाल्या, मी आपली इथूनच म्हणते.

मला तेव्हा रडूच आलं, कारण या आक्कांचं माझ्यावर काय ऋण आहे ते मलाच माहीत.

मी मूळची जालन्याची. मिस्टरांच्या बदलीमुळं 2019 च्या जूनमध्ये इथं आलो, गावभागात तळमजल्यावर खोली घेतली, ओळखीचं कुत्रं नव्हतं. ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. मंडळात मी तोवर फक्त दोनदा गेले होते, माझं आडनावसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं, तरी पाणी चढायला लागलं त्या संध्याकाळी आक्कांचाच फोन, "पोरी, कागदपत्रं घे, लेकरांचे कपडे घे आणि विश्रामबागला माझ्याकडं ये, विचारत बसू नको." अकरा दिवस आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. पहाटे पाचला उठून त्या आणि शेजारच्या चार-पाच जणी पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापायच्या, मला पण बसवलं, माझ्या भाकरीला नावं ठेवली आणि शिकवली पण. पाणी ओसरल्यावर मंडळातल्या सात-आठ जणी खराटे-बादल्या घेऊन माझ्या घरी आल्या, गुडघाभर चिखल उपसला, एकीनं तर माझ्या मुलीची भिजलेली पुस्तकं पान-पान सोडवून पंख्याखाली वाळवली. प्रार्थना शेवटी केली, ती पण उभ्या-उभ्या, चिखलाच्या हातांनी. माहेर लांब आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, जगभरच्या बायका त्या दिवशी एकच उपासना करतात आणि दरवर्षी ती वेगळ्या देशातल्या बायका लिहितात. 2025 ची कुक बेटांवरच्या बायकांनी लिहिली होती, स्तोत्र 139 वरून. इतक्या लांबच्या बायकांची प्रार्थना आपल्यापर्यंत पोचते आणि विश्रामबागच्या आक्का चर्चपर्यंत पोचत नाहीत, हे मनाला पटत नाही.

तर ठरलंय असं की नऊ आक्कांसाठी तीन रिक्षा बांधायच्या, एका शुक्रवारचे जाऊन-येऊन 600 रुपये, म्हणजे वर्षाचे 31,200. कुणी एका शुक्रवारचं भाडं दिलं तरी चालेल, वाढदिवसाला, कुणाच्या आठवणीत, कसंही. शिवाय हात टेकायला येतील अशा 12 खुर्च्या पाहिजेत, कारण सतरंजीवर बसलं की त्यांना उठता येत नाही. नव्याच हव्यात असं नाही, घरात पडून असतील तर त्याच द्या. मोठ्या अक्षरातल्या गाण्यांच्या झेरॉक्स एक ताई काढून देतायत, ते काम झालं. पैसे रविवारी उपासनेनंतर खजिनदार काकूंकडे द्या आणि पावती घ्याच, दर महिन्याचा हिशोब चर्चच्या फलकावर लावणार आहोत. चर्चबाहेरच्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी दिलं तरी आनंदच आहे, भाकऱ्या वाटताना आक्कांनी कुणाची जात विचारली नव्हती.

आणि ज्या तरुण सुना, मुली नवीन आल्यात सांगलीत, त्यांना एक सांगणं. पैसे नकोत तुमचे, तुम्ही या. स्कूटी असेल तर एका आक्कांना मागं बसवून आणा, त्या वाटेत तुमचं सगळं विचारून घेतील, राग मानू नका. येत्या शुक्रवारी तीनला चर्चच्या गेटापाशी थांबते, कुणाचं घर कुठल्या गल्लीत ते मी दाखवते.