जुन्या टफबुकमध्ये वाय-फाय बसवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कामाचे पैसे मी दिले, तुम्ही ते घेतले, हिशेब मिटला. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जुन्या टफबुकमध्ये, म्हणजे धूळ-पाणी सोसणाऱ्या दणकट लॅपटॉपमध्ये, वाय-फाय बसवायचं म्हटलं की जो तो कार्डाबद्दल बोलतो. तुम्ही पहिल्याच भेटीत अँटेनाबद्दल बोललात, आणि त्यामुळेच माझं यंत्र आज कामात आहे. नाव लिहू नका, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत तुमच्याकडे येणारे तुम्हाला ओळखतीलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी लांजा-राजापूर पट्ट्यात खाजगी मोजणीची कामं करते. चिरेखाणीवर लाल धूळ आणि जूनपासून पाऊस, यातच आमचं सगळं चालतं. माझं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं तिपाईवरचं उपकरण, जुनं आहे. त्यातला डेटा आरएस-२३२ या जुन्या सीरियल जोडणीच्या नऊ पिनांच्या केबलने बाहेर येतो, आणि तो उतरवून घेणारं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं. यूएसबीचे कन्व्हर्टर लावून पाहिले, पण अर्धी फाइल उतरली की जोडणी तुटायची. म्हणून पॅनासॉनिकचं टफबुक सीएफ-२९ सांभाळलं आहे. त्याला खराखुरा सीरियल पोर्ट आहे, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच आहे, पंखा नाही, पोर्टांवर रबरी कडांच्या झडपा आहेत, उचलायला मूठ आहे. वजन साडेतीन किलोच्या घरात, पण त्याची मला कधी तक्रार नाही. अशी यंत्रं आता कुणी सहजासहजी करत नाही.

अडचण एकच होती. या मॉडेलमध्ये वाय-फाय घ्यायचं की नाही हे ग्राहकाने ठरवायचं होतं, आणि माझ्याकडे फिरत फिरत आलेलं यंत्र ते न घेता मागवलेलं होतं. बाजूच्या खाचेत कार्डबसचं वाय-फाय कार्ड बसतं, पण त्याचं टोक बाहेर राहतं आणि झडप लागत नाही. यूएसबीचा छोटा डोंगल लावला तरी तेच. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून घेतलेल्या यंत्राची झडप दिवसभर उघडी ठेवायची, हे मला पटत नव्हतं. वाय-फाय आतच हवं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी बरीच दुकानं फिरले. एका ठिकाणी मिनी पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड पुढे केलं गेलं. ते ३० मिलिमीटर रुंदीचं आणि ५२ संपर्कांचं. या यंत्राची खाच त्याच्या आधीच्या पिढीची, मिनी पीसीआयची, १२४ संपर्कांची, म्हणजे ते बसणारच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी योग्य कार्ड होतं, पण अँटेनासाठी झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढू, असा सल्ला मिळाला. मी यंत्र उचलून बाहेर पडले.

तुम्ही कार्डाला हातच लावला नाहीत. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो स्टीलच्या डब्यात ठेवलात, झाकण लावलंत आणि दुसऱ्या फोनवर सिग्नल कसा घसरतो ते दाखवलंत. "ताई, हा डबा आणि तुमचं यंत्र यांत फरक नाही. कार्ड मी पाच मिनिटांत बसवीन, पण त्याला ऐकू काय येणार?" धातूच्या कवचात रेडिओलहरी शिरत नाहीत, म्हणून अँटेना कवचाच्या बाहेर, प्लास्टिकच्या पट्टीखाली असावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा ३ सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा अँटेनाला जागा फारशी लागत नाही. पण ती जागा नेमकी असावी लागते. तुम्ही झाकणाच्या कडेची पट्टी काढून दाखवलीत. आत जागा होती, अँटेना नव्हता.

भोक पाडणं सोपं होतं, काका. तुम्हाला वेळ कमी लागला असता आणि पैसे तितकेच मिळाले असते. त्याऐवजी तुम्ही मदरबोर्ड गेलेल्या सीएफ-२९ चं झाकण शोधत राहिलात, मधूनमधून फोन करून 'अजून मिळालं नाही' असं सांगत राहिलात, आणि मिळालं तेव्हा त्यातले दोन्ही अँटेना वायरींसकट सोडवून आणलेत. वायर कापून जोडायला तुम्ही ठाम नकार दिलात. एक मिलिमीटरच्या त्या को-अ‍ॅक्स केबलमध्ये मीटरमागे ३ डेसिबलच्या आसपास सिग्नल वाया जातो, म्हणजे जवळजवळ निम्मा. वर सांधा आला की आणखी वाया. बिजागरीतून ती वायर ओढताना तुम्ही झाकण पुन्हा पुन्हा उघडमीट करून कुठे चिमटते का ते पाहत होतात. मी चहा मागवला होता, तो तसाच गार झाला.

कार्डही तुम्ही विचारपूर्वक निवडलंत. त्या काळची इंटेलची २२००बीजी कार्डं सहज मिळतात आणि चालतातही, पण या यंत्रात एक्सपीच्या जोडीला असलेल्या लिनक्सवर त्यांना वेगळी फर्मवेअर फाइल, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, लागते. तुम्ही एथेरॉस चिपचं कार्ड काढलंत. त्याचा ॲथ५के हा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, २००८ सालच्या २.६.२५ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे आणि त्याला फर्मवेअरची फाइल लागत नाही. ज्या गावात नेटवर्क शोधायलाच टेकडीवर चढावं लागतं, तिथे एखादी हरवलेली फाइल कुठून उतरवणार? हे तुम्ही मी न सांगता ओळखलंत.

बसवताना तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. आधी बॅटरी काढायची, हात अर्थिंगला लावायचा, स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीवर जागच्या जागी ठेवायचे, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या. अँटेनाचं ते इवलंसं गोल कनेक्टर सरळ वरून दाबायचं, तिरकं नाही. ते साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणून उगाच चाळा करायचा नाही. एक वायर कार्डावरच्या 'मेन' जोडणीला, दुसरी 'ऑक्स'ला. कार्ड दोहोंपैकी ज्यावर चांगलं ऐकू येतं तो अँटेना वापरतं. शेवटी रबरी कडा पुसून, खाचेत नीट बसवून मगच झाकलंत. मी सिलिकॉनने बंद करायचं का विचारलं, तर म्हणालात, "पुढे उघडणाऱ्याने काय करायचं?" आज ही दृष्टी फार कमी कारागिरांकडे उरली आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक्सपीबद्दलही तुमचंच ऐकलं. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये त्याचा आधार थांबवला, तेव्हा एक्सपीमध्ये वाय-फाय कार्ड बंद करून ठेवलं आहे. तिथे फक्त टोटल स्टेशनचा डेटा उतरतो. मग यंत्र डेबियन १२ या लिनक्समध्ये सुरू करायचं, एक्सपीच्या पार्टिशनमधली फाइल उचलायची आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून पाठवायची. डेबियन १३ मध्ये अशा ३२ बिटच्या पीसींसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, म्हणून १२ ची प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवायला लावलीत, तीही ठेवली आहे. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीवर ठेवते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

आता काम कसं चालतं ते तुम्हाला कळायला हवं. पूर्वी डेटा पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी तालुक्याच्या गावी यायचं, तिथून ऑफिसला पाठवायचा, आणि एखादा बिंदू चुकलेला निघाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डोंगरावर. आता टोटल स्टेशन तिपाईवर असतानाच फाइल जाते. नकाशा काढणारी मुलगी रत्नागिरीत बसून सांगते, "ताई, पूर्वेच्या हद्दीचा एक बिंदू परत घ्या," आणि मी तिथल्या तिथे घेते. जमीनमालक समोर उभा असतो, त्याला हद्द त्याच दिवशी दाखवता येते. हद्दीवरून भावाभावांत अबोला असलेल्या घरांत याला किती किंमत आहे, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. यंदाच्या पावसातही यंत्र झडपा लावलेलं, बंदिस्तच फिरलं.

काका, तुम्ही माझा वेळ, पैसा आणि हे यंत्र, तिन्ही वाचवलंत. मनापासून आभार.

एक काम आणखी आहे. राजापूरच्या माझ्या सहकाऱ्याकडे सीएफ-३० आहे, तेही वाय-फायविना. त्यात खाच मिनी पीसीआय एक्सप्रेसची आहे. यावेळी झाकणाच्या कडा आम्ही आधीच उघडून पाहिल्या: अँटेना आहेत, वायरी आहेत, फक्त कार्ड नाही. गणपती आटोपले की घेऊन येते. तोवर त्याला चालणारं एथेरॉसचं कार्ड तुमच्या खणात असेल तर बाजूला काढून ठेवा.

आपली कृतज्ञ,
लांज्याची सर्व्हेअर ताई